रानांत गेलेल्याची खुशाली

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्यानें निघालें कीं दहाबारा किलोमीटरांवर आमचें कुंभारी लागतें. येथें हरवावयाचें म्हटलें तरी कोणाला हरवतां यावयाचें नाहीं. चोहोंकडे सपाट जमीन, ज्वारीचीं शेतें, मधून मधून उघडा माळ. एका अंगाला वैद्यकीय महाविद्यालयाचें व रुग्णालयाचें आवार. दुसरीकडे विडी कामगार स्त्रियांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीचीं दहा हजार घरें, आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या रे नगरांतील आणखी हजारों. रात्रीं गच्चीवर उभें राहिलें म्हणजे दिव्यांचा हा पट्टा दूरवर दिसतो. अशा गांवीं बसून अरण्यांतील एकांतावर लिहिणें वाचकांस थोडें विनोदाचें वाटेल. परंतु गेल्या श्रावणांत लागोपाठ वीस रात्री मी येथें बसून कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून सरकणारा एक ठिपका पाहत होतों. आणि त्यांपैकीं एका रात्रीनें मला जो प्रश्न घातला तो अद्याप माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा असून सॅन होझे येथें नोकरी करतो. योसेमिटीच्या दरीपासून माउंट व्हिटनीपर्यंत जाणारी जॉन मुइर ट्रेल ही सुमारें ३४० किलोमीटरांची पायवाट एकट्यानें चालावयाची असें त्यानें ठरविलें. वाटेंत गांव नाहीं, आणि बहुतेक ठिकाणीं मोबाइलला रेंज नाहीं. म्हणून त्यानें पिशवीच्या पट्ट्याला एक लहानसें यंत्र अडकविलें होतें. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आकार मुठींत मावेल एवढा. पृथ्वीपासून सुमारें ७८० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ६६ उपग्रहांची इरिडियम नांवाची एक माळ आहे; त्यांतील जो उपग्रह डोक्यावर असेल त्याला हें यंत्र आपलें ठिकाण कळवितें, आणि तेथून ती बातमी जगांत कोठेंही जाते. (इरिडियम हें नांवही मौजेचें आहे. मूळ योजनेंत उपग्रह ७७ होते, आणि ७७ हा त्या धातूचा अणुक्रमांक. पुढें उपग्रह कमी झाले, नांव मात्र तेंच राहिलें.) दर दहा मिनिटांनीं नकाशावर एक ठिपका उमटविणें, चार ओळींचा निरोप पाठविणें व घेणें, आणि झांकणाखालीं असलेलें एक बटण दाबल्यास संकटाची हांक देणें, एवढीं कामें तें करितें. ही शेवटची हांक अहोरात्र जागत्या असलेल्या एका केंद्रांत जाते, व तेथून त्या भागांतील शोधपथकाकडे. हें यंत्र त्यानें मीं आग्रह केला म्हणून घेतलें होतें, हें येथेंच सांगून ठेवितों. कारण पुढील विवेचनांत त्याचा संबंध येणार आहे.

तेथील घड्याळ आमच्याहून साडेबारा तास मागें. त्याचा दिवस ती माझी रात्र. जेवणें आटोपलीं कीं मी संगणक घेऊन बसें, आणि थोड्याच वेळांत पहिला ठिपका उमटे. आरंभीं ही केवळ गंमत होती. आठ दिवसांत तिची संवय झाली. पुढें तर दहा मिनिटांचीं अकरा मिनिटें झालीं तरी चैन पडेनासें झालें. चौदाव्या रात्रीं, पावणेअकराच्या सुमारास, इव्होल्यूशन लेक नांवाच्या सरोवराच्या कांठीं ठिपका थांबला. विसावा घेत असेल असें म्हणून मीं अर्धा तास वाट पाहिली. बारा वाजले. एक वाजला. नकाशा मोठा करून पाहिला तों पुढें ३,६०० मीटरांहून उंच असलेली मुइर खिंड, तिच्या माथ्यावर १९३० सालीं बांधलेली एक दगडी झोपडी, आणि सरोवर व खिंड यांच्या मध्यें नुसते दगड आणि पाणी. नकाशा जितका मोठा करावा तितक्या पाय घसरण्यासारख्या जागा त्यांत अधिक दिसूं लागतात.

"अहो, झोंपा आतां. यंत्र बंद पडलें असेल," असें पत्नी आंतून म्हणाली.

"आणि नसेल पडलें तर?"

"तर तुम्ही जागे राहून काय होणार आहे?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. त्या देशांत अशा शोधाचें काम बहुतेक ठिकाणीं त्या त्या परगण्याच्या शेरीफाकडे असतें. पहांटे चार वाजतां मीं त्या कचेरीचा क्रमांक शोधून काढला व फोन हातांत घेतला. काय सांगणार होतों? माझा वयांत आलेला, धडधाकट, शिकलेला मुलगा पांच तासांत एक ठिपका पाठवूं शकला नाहीं? मीं फोन खालीं ठेविला, पुन्हां उचलला, पुन्हां ठेविला. सकाळीं आठ वाजतां निरोप आला: "मुइर खिंडीपलीकडे मुक्काम. दिवसभर यंत्र मुद्दाम बंद ठेवलें होतें. फार सुंदर दिवस." पत्नीनें तो वाचला, "सुंदर दिवस म्हणे," एवढेंच म्हटलें आणि ती स्वयंपाकघरांत गेली. देव्हाऱ्यांतील समईंत तिनें रात्रभर तेल घातलें होतें, हें मला मागाहून उमगलें.

प्रवास संपवून परत आल्यावर मीं त्याला फोनवर जाब विचारला. तो रागावला नाहीं. म्हणाला, "बाबा, तेरा दिवस मी एकटा चाललों खरा, पण दर दहा मिनिटांनीं कोणीतरी माझ्याकडे पाहत आहे हें मला ठाऊक होतें. त्या सरोवराच्या कांठीं आल्यावर वाटलें, एक दिवस तरी मला कोणी पाहूं नये. तुम्हांला त्रास झाला हें वाईट झालें. पण खरें सांगतों, तो दिवस मला पुन्हां मिळणार नाहीं."

प्रश्न असा आहे. त्याला तसें करण्याचा अधिकार होता काय?

माझ्या पिढीच्या पदवीधरांनीं मिल्लच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचीं पारायणें केलेलीं असतात. आमच्या आधींच्या पिढ्यांना तर तो आगरकरांच्या द्वारें मराठींतूनच पाजला गेला. ज्या कृत्याचा परिणाम करणाऱ्यापुरताच राहतो त्यांत इतरांनीं हात घालूं नये, हें त्यांतील प्रसिद्ध तत्त्व. रानांत एकट्यानें चालणें याहून अधिक स्वतःपुरतें कृत्य कोणतें सांपडणार? आणि तरीही, एका मनुष्यानें एका सरोवराच्या कांठीं एक कळ फिरविल्याबरोबर तेरा हजार किलोमीटरांवरच्या दुसऱ्या मनुष्याची झोंप उडाली. मिल्लच्या निबंधास १८५९ सालीं असल्या यंत्राची कल्पना नव्हती, असें म्हणून सुटतां येईल. परंतु तें खरें उत्तर नव्हे. दुःखाचें कारण यंत्र नव्हतेंच. दुःखाचें कारण होतें मौन. तें मौन मला असह्य कां झालें, हाच शोधाचा विषय आहे.

आमच्या लहानपणीं घरांत तार आली म्हणजे बायका ती फोडण्यापूर्वींच रडूं लागत. तार म्हणजे अशुभ. ती येत नाहीं तोंवर बाहेरगांवचें माणूस खुशाल आहे, असा हिशेब असे. २०१३ च्या जुलैंत आपल्या देशांतील तारखातें बंद झालें, तेव्हां वर्तमानपत्रांनीं हळहळीचे लेख लिहिले. आमच्या आईच्या पिढीला मात्र त्या वार्तेनें हायसें वाटलें असतें. आमच्याकडे कामास येणाऱ्या बाई गोदूताई वसाहतींत राहतात. त्यांचा मुलगा ट्रकवर आहे. आज गुजराथ, उद्यां तेलंगण. मीं त्यांना माझ्या त्या रात्रीची हकीकत सांगितली तेव्हां त्यांना तिचें विशेष वाटलें नाहीं. "माझा रविवारीं फोन करतो. मधल्या वारीं आला तर माझ्या पोटांत गोळा येतो," असें त्या म्हणाल्या. त्या बाईंचें मौन सुखाचें आहे. सहा दिवस फोन नाहीं याचा अर्थ त्यांनीं आणि त्यांच्या मुलानें मिळून ठरविलेला आहे: सर्व ठीक. माझ्या मुलाचें मौन नऊ तासांचें होतें, आणि त्याचा अर्थ आम्हीं कोणीच ठरविलेला नव्हता. म्हणून मीं तो माझ्या भीतीप्रमाणें लाविला.

येथपर्यंत आल्यावर पूर्वींचा काळ किती बरा होता असें म्हणण्याचा मोह होतो, आणि असल्या लेखांत तसें म्हणण्याची चालही आहे. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वणव्यांत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला, आणि दोन वर्षांहून अधिक काळानें घरीं आले. 'माझा प्रवास' वाचतांना आपण त्यांच्या बरोबर चालतों. वरसईस मागें राहिलेल्यांच्या बरोबर कोणी बसत नाहीं. तीं माणसें शांत होतीं असें समजण्यास आपणांस काय आधार आहे? काशीस निघालेल्याला वेशीपर्यंत पोहोंचवून त्याच्या नांवानें अश्रु ढाळून मोकळें होण्याची रीत ही मनाची शांति नव्हे. आशा आधींच आवरून घेण्याची ती एक युक्ति होती.

मलाही हें पुस्तकांतून शिकण्याचें कारण नाहीं. १९९० च्या पावसाळ्यांत आम्ही तिघे मित्र सोलापुराहून हरिश्चंद्रगडास गेलों. सोमवारीं रात्रीं परत येतों, असें आईला सांगितलें होतें. गडावर पोहोंचतों तोंच पावसानें धरलें. तोलार खिंडीच्या वाटेवरील ओढे असे फुगले कीं उतरण्याची सोय राहिली नाहीं. दोन दिवस गडावरच्या गुहेंत ओल्या चुरमुऱ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशीं खिरेश्वरचे एक गृहस्थ चुकलेल्या गुराच्या शोधांत वर आले होते, त्यांनीं आम्हांस हाताला धरून एकेक ओढा ओलांडून दिला. आळेफाट्याच्या एस. टी. डी. बूथवरून शेजाऱ्यांच्या घरीं फोन केला, तो लागला नाहीं. बुधवारीं रात्रीं घरीं पोहोंचलों. आई म्हणाली, "आलास? पाय धुऊन घे, भाकरी टाकतें." त्यापलीकडे त्या प्रसंगाविषयीं ती जन्मांत एक शब्द बोलली नाहीं. ती गेल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनें सांगितलें कीं, मंगळवारीं आई पायीं चालत सिद्धेश्वराच्या देवळांत जाऊन आली, आणि सोमवारच्या रात्रीपासून तिनें अन्नास हात लाविला नव्हता.

सोमवारच्या रात्रीपासून. या शब्दांकडे माझें लक्ष या श्रावणांतच प्रथम गेलें. शनिवारीं व रविवारीं आई जेवली होती, झोंपली होती. त्या दोन दिवसांतील मौन आम्हीं दोघांनीं बोलून ठरविलेलें होतें. सोमवारची रात्र उलटली, आणि तेंच मौन तिला खाऊं लागलें. अर्थात् मौन नवें नाहीं, त्याची भीतिही नवी नाहीं. नवें एवढेंच झालें आहे कीं, पूर्वीं मौनाला दिवसांची मुदत असे, ती आतां दहा मिनिटांवर आली आहे.

एकदां ठिपका पाठविण्यास आरंभ केला म्हणजे तो पाठवीत राहण्याचें वचन न बोलतां दिलें जातें. खुशालीची खूण ही सदैव दोघांमधील करार असते. पन्हाळ्याहून निघून महाराज विशाळगडीं पोहोंचले म्हणजे तोफांचे आवाज करावयाचे, आणि ते ऐकूं येईपर्यंत बाजीप्रभूंनीं खिंड सोडावयाची नाहीं, अशी १६६० च्या त्या रात्रीची कथा परंपरा सांगते. तोफेचा तो आवाज म्हणजे 'सुखरूप पोहोंचलों' एवढाच निरोप. परंतु तो कोणासाठीं होता? गडावर पोहोंचलेल्याला त्याची गरज नव्हती. खिंडींत उभा असलेल्याला होती. त्याचा अर्थ आधीं ठरलेला होता, म्हणूनच आवाज होईपर्यंतची शांतताही त्याला उमजत होती: अजून नाहीं, अजून उभें राहावयाचें आहे.

माझ्या मुलानें वचन मोडलें, हें तर खरेंच. पण तें वचन त्यानें दिलें होतें, कीं मीं त्याच्याकडून काढून घेतलें होतें? यंत्र घे, असें मीं म्हटलें तेव्हां त्याच्या जीविताची काळजी हें कारण मीं सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. तरी त्याच्या जीविताला लागणारें बटण निराळें, आणि माझ्या मनाला लागणारे ठिपके निराळे. बटण त्याच्यासाठीं, दर दहा मिनिटांचा ठिपका सर्वस्वीं माझ्यासाठीं. ज्या एकांताकरितां तो एवढा खर्च करून, एवढें ओझें वाहून गेला, त्याचा एक एक तुकडा मीं माझ्या रात्रीच्या शांततेकरितां मागून घेत होतों. आईबापांच्या प्रेमांत हा लोभ किती असतो याचा हिशेब आपण सहसा मांडीत नाहीं. ज्या मुइरच्या नांवाची ती वाट आहे तो पाव आणि चहा घेऊन डोंगरांत नाहींसा होत असे. त्याच्या नांवानें बांधलेल्या झोपडीपाशीं माझ्या मुलाला एक दिवस तसें नाहींसें व्हावेंसें वाटलें, तर त्यांत अपराध काय?

परंतु एकांताचे जे कट्टे पुरस्कर्ते असलें यंत्रच रानांत नको म्हणतात, यंत्राच्या भरंवशावर माणूस नसतीं साहसें करतो असा ज्यांचा आक्षेप आहे, त्यांच्याशींही माझें जमत नाहीं. आक्षेपांत तथ्य आहे. पण दोर असला म्हणजेही माणूस दोर नसतांना जाणार नाहीं तेथें जातो. म्हणून दोर टाकून द्यावा असें कोणी म्हणत नाहीं. मे २०२२ मध्यें लोणावळ्याच्या ड्यूक्स नोजकडे फिरावयास गेलेला दिल्लीचा एक तरुण वाट चुकला. त्याच्याजवळ मोबाइल होता. त्यानें घरीं फोन करून, मी जंगलांत हरवलों आहें, असें सांगितलेंही. मग फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्र या लोणावळ्याच्या संस्थेचे गडी व इतर पथकें दिवसेंदिवस शोधीत होतीं. चौथ्या दिवशीं खोल दरींत त्याचा देह सांपडला. त्याचा आवाज घरीं पोहोंचला, ठिकाण पोहोंचलें नाहीं. असल्या वेळीं एक ठिपका काय किमतीचा असतो, हें त्याच्या घरच्यांपुढें बसून एकांताच्या पुरस्कर्त्यांनीं बोलून दाखवावें.

तरीही हांक पोहोंचली म्हणजे माणूस वांचला असें नसतें, हें आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. अकलूजचा एक तरुण मे २०१९ मध्यें एव्हरेस्टचें शिखर गांठून उतरतांना गेला. त्याच्या भोंवतीं माणसांची वाण नव्हती. उलट शिखराखालच्या गर्दींत खोळंबून राहिल्यानेंच तो थकला होता. तेथें एकांतही नव्हता आणि आधारही नव्हता.

शिवाय हांकेच्या दुसऱ्या टोंकाला कोण असतें? बटण दाबणाऱ्याला तें दिसत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नाहीं, भर पावसांत, अंधारांत, निसरड्या पायवाटेनें मदतीस जाणाऱ्यांना चढावें लागलें. नवी मुंबईच्या अग्निशमन दलांतील एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकारानें गेले. ठाकरवाडीच्या लोकांनीं संकट हौसेनें ओढवून घेतलें नव्हतें, आणि ते अधिकारी त्यांच्यासाठीं गेले यांत कोणास अन्याय दिसणार नाहीं. पण हौसेनें कड्यावर गेलेल्याची हांकही याच माणसांच्या कानीं पडते. आपल्याकडे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या नांवानें ठिकठिकाणचे गिर्यारोहक एकत्र येऊन शोधाचें काम करतात. त्यांत नोकरदार, दुकानदार, शेतकरी असे लोक आहेत, आणि त्यांच्याही घरीं कोणी जागत बसलेलें असतें. बटण दाबणें म्हणजे, माझ्या जिवासाठीं तुम्ही आपला जीव पणास लावा, असें अनोळखी माणसाला सांगणें होय. पाय मोडला तर तें अवश्य सांगावें. पाय दमले म्हणून सांगूं नये.

आणि ज्यांना रान ही हौस नसून घर आहे त्यांचें काय? ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण डोंगराखालीं गडप झालें. दीडशेंच्या वर माणसें गेलीं. ही वार्ता जगाला कशी कळली? नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस. टी. च्या चालकाला गांव जागेवर दिसेना, तेव्हां त्यानें ती कळविली. माळिणीचें मौन कोणाच्याच हिशेबांत नव्हतें. तें ओळखणारा एकच निघाला. कारण तो रोज तेथें जात होता, आणि रोज तेथें काय दिसतें हें त्याला माहीत होतें. सिएरा नेवाडांतील एका सुखवस्तु तरुणाचा नऊ तासांचा अबोला जगाच्या दुसऱ्या टोंकाला जाणवतो, आणि पुण्याच्या जिल्ह्यांतील अख्ख्या गांवाचा अबोला बस येईपर्यंत कोणास जाणवत नाहीं. या तफावतीपुढें माझ्या एका रात्रीच्या जागरणाची मला थोडी लाज वाटते.

ही तफावत थोडी तरी कमी करण्याचे यत्न झाले आहेत. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांसाठीं इस्रोनें संकटसूचक यंत्र केलें. २०१० पासून तें वापरांत आलें. त्यांत उणीव ही होती कीं, कोळ्यानें हांक मारली तरी ती ऐकली गेली कीं नाहीं हें त्याला कळत नसे. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळानें केरळ व तमिळनाडूच्या शेंकडों कोळ्यांचा घास घेतला. कित्येक होड्या भरकटत आमच्या देवगडच्या किनाऱ्याला लागल्या. जानेवारी २०२४ मध्यें इस्रोनें त्या यंत्राची जी नवी आवृत्ति पुढें आणली तींत परत निरोप येतो: तुमची हांक पोहोंचली आहे. अभियंत्यांच्या दृष्टीनें ही लहानशी सुधारणा असेल. बुडत्या होडींतल्या माणसाच्या दृष्टीनें विचार करा. हांक मारून कांहींच ऐकूं न येणें, आणि 'ऐकलें' एवढा एकच शब्द ऐकूं येणें, या दोहोंत किती अंतर असेल!

आपल्या डोंगरांत फिरणाऱ्याला मात्र माझ्या मुलासारखें यंत्र सहजासहजीं बाळगतां येत नाहीं. १८८५ चा तारेचा कायदा व १९३३ चा बिनतारी संदेशांचा कायदा यांच्या अन्वयें असलीं उपकरणें परवान्यावांचून जवळ ठेवणें हा गुन्हा ठरत आला. त्यांची जागा घेण्यासाठीं २०२३ मध्यें नवा दूरसंचार कायदा झाला, तरी परवान्याची अट कायम आहे. २००८ सालीं मुंबईवर चालून आलेल्या मारेकऱ्यांनीं उपग्रहाच्या फोनचा उपयोग केला होता. तेव्हांपासून या बाबतींत सरकार डोळ्यांत तेल घालून असतें, आणि त्याला दोष देणें कठीण आहे. डिसेंबर २०२४ मध्यें गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंना याच जातीच्या यंत्रापायीं अडविण्यांत आलें. त्या बिचारीनें तें वाट चुकूं नये म्हणून आणलें होतें. रानांत गेलेल्या माणसानें कोणाला तरी आपला ठावठिकाणा सांगावा हें घरच्यांना हवें असतें. तो भलत्यालाच सांगत नाहीं ना, ही राज्यकर्त्यांची चिंता असते. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. नोंदलेल्या गिर्यारोहकांना व शोधपथकांना तरी परवाना सुलभपणें मिळावा, असें मला वाटतें. पण तो विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे, म्हणून येथेंच सोडतों.

मुलगा गेल्या पंधरवड्यांत सुटीवर घरीं आला. यंत्र अर्थातच तिकडे ठेवून आला. आल्यावर चार दिवसांनीं म्हणाला, "बाबा, तुम्ही नव्वद सालीं गेलां होतां त्या गडावर जाऊन येतों. एकटाच." गडावर कोठें कोठें आतां मोबाइलला रेंज मिळते असें ऐकतों, तें मीं त्याला सांगितलें. "मिळत असेल, पण मी बंद ठेवीन. चालेल?" त्यानें विचारलें.

मी कांहीं बोलण्यापूर्वीं त्याच्या आईनें कपाटांतून एक कोरा कागद आणून त्याच्यापुढें ठेविला. त्यानें त्यावर लिहिलें: शुक्रवारीं रात्रीं सोलापूर सोडणार. शनिवारीं खिरेश्वर, तेथून तोलार खिंडीनें वर. दोन मुक्काम गडावर. सोमवारीं सकाळीं पाचनईच्या बाजूनें उतरणार. रात्रीं दहापर्यंत घरीं. दहापर्यंत न आल्यास मंगळवारीं सकाळीं सहा वाजेपर्यंत थांबणें, मग शोधपथकाला फोन करणें. पथकाचा क्रमांकही त्यानें खालीं लिहिला. तो वाचून पत्नी म्हणाली, "सहापर्यंत कशाला? पांच लिही." त्यानें सहा खोडून पांच केले.

तो कागद देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला लाविला आहे. काल दुपारीं दोनदां मीं फोन हातांत घेतला होता, हें कबूल करतों, लाविला नाहीं. रात्रीं दहाला झोंपलों, आणि झोंप बरी लागली. सकाळीं उठून पाहतों तों पत्नी कागदासमोर उभी होती. मला पाहून ती बाजूला झाली आणि चहा टाकावयास गेली.

आज रविवार आहे.